धाव, गोळा, उडी: हालचाल मोजायची तर खर्च किती?

महाराष्ट्र पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर धावायचं असतं आणि ७.२६ किलोऐवजी ४ किलोचा गोळा असतो. गुणांची वाटणी तीच. संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल, सोनाळा, पातुर्डा, टुनकी अशा कुठल्याही गावातून पहाटे निघालात, तर रस्त्याच्या कडेने धावणारे भरतीचे पोट्टे आणि पोरी भेटतात. दम वाढवायला ही मुलं वर्ष वर्ष घाम गाळतात. पण गोळा हातातून कोणत्या कोनात सुटतो, धावताना पाऊल शरीराच्या किती पुढे पडतं, हे त्यांना कोणी कधी दाखवलेलं नसतं.

हे दाखवणारी साधनं आता बाजारात आहेत. दीड-दोनशे रुपयांच्या सेन्सरपासून लाखो रुपयांच्या कॅमेरा यंत्रणेपर्यंत त्यांची रांग आहे आणि ‘एआय विश्लेषण’ अशा नावाने महिन्याची वर्गणी मागणारी अ‍ॅपही आहेत. आईबापांनी कापसाच्या, सोयाबीनच्या पैशातून यातलं नेमकं काय घ्यावं आणि काय घेऊ नये, यासाठी हा हिशेब.

आधी उत्तर सांगतो. गटातल्या एकाकडे बरा मोबाइल असेल, तर वीस जणांच्या गटाला तीन हजार रुपयांच्या आत पुष्कळ काही मोजता येतं. माणशी खर्च दीडशेच्या आत. त्यापुढचा प्रत्येक रुपया खर्च करण्याआधी ‘नेमकी कोणती चूक शोधायची आहे?’ हा प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर पैसे खिशातच राहू द्या. (इथे दिलेल्या किमती साधारण आहेत. ऑनलाइन आणि अकोला-खामगावच्या दुकानांत, ब्रँडनुसार त्या वर-खाली होतील.)

बाहेरून बघणारं आणि अंगावर बांधायचं

हालचाल टिपण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला कॅमेऱ्याचा. तो बाहेरून बघतो आणि खांदा, कोपर, गुडघा, घोटा कुठे आहेत हे आपण किंवा संगणक चित्रात शोधतो. दुसरा सेन्सरचा. काडेपेटीपेक्षाही लहान असलेली चिप मनगटाला, कमरेला किंवा बॅटला लावायची. त्यातला एक भाग वेग किती झपाट्याने बदलतो ते मोजतो, दुसरा किती वेगाने वळलात ते.

दोन्ही गोष्टी कधीकाळी फक्त मोठ्या प्रयोगशाळांत होत्या. २०१० साली मायक्रोसॉफ्टने घरच्या खेळांसाठी ‘किनेक्ट’ नावाचा कॅमेरा काढला आणि अंगाला काहीही न चिकटवता सांधे ओळखणारं यंत्र पहिल्यांदा घराघरात गेलं. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. म्हणून आज कोणी जुना किनेक्ट ‘खेळाच्या विश्लेषणासाठी’ विकत असेल तर घेऊ नका. तो सेकंदाला तीसच चित्रं घेतो आणि पुढे दुरुस्तीची सोय नाही. गुगलच्या ‘मीडियापाइप’सारखी मोफत प्रणाली आता साध्या मोबाइलच्या चित्रातही शरीरावरचे ३३ बिंदू ओळखते. व्यायाम ओळखणारी कितीतरी अ‍ॅप याच धर्तीवर चालतात. महागड्या वर्गणीचं अ‍ॅप घेण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं.

तीन हजारांत काय येतं

मोबाइल हातात धरून काढलेला व्हिडिओ मोजमापाला निरुपयोगी ठरतो, म्हणून पहिली खरेदी ट्रायपॉडची. छातीएवढ्या उंचीचा, वाऱ्यात न हलणारा ट्रायपॉड साधारण एक हजार रुपयांत मिळतो. ५० मीटरची टेप सातशे, दहा मार्कर कोन तीनशे, मैदान आखायला फक्की शंभर, दुरून बटण दाबायला ब्लूटूथ रिमोट दीडशे आणि व्हिडिओ साठवायला पेन ड्राइव्ह पाचशे. बेरीज २,७५० रुपये.

यातली सर्वांत मोलाची वस्तू टेप आहे, हे ऐकून नवल वाटेल. भरतीच्या सरावात मुलं ‘अमक्या पुलापासून तमक्या फाट्यापर्यंत सोळाशे’ असं धरून धावतात. अंतरच चुकलं तर वेळ किती लागला याला काही अर्थ उरत नाही. मोबाइलचा जीपीएस उघड्या मैदानातही तीन ते पाच मीटर इकडे-तिकडे होतो. १६०० मीटरच्या धावेला ते एक वेळ चालेल. १०० मीटरला चालणार नाही. मैदानात टेपने २०० किंवा ४०० मीटरची फेरी आखा आणि प्रत्येक फेरीचा वेळ लिहून ठेवा. पहिली फेरी जोरात आणि तिसरी ढेपाळलेली, ही चूक कुठल्याही सेन्सरशिवाय वहीत दिसते.

१०० मीटरचा वेळ स्टॉपवॉचवर घेताना दोन चुका घडतात. अंगठा उशिरा दाबला जातो, ही एक. दुसरी अशी, की सुरुवातीला वाजवलेल्या टाळीचा आवाज १०० मीटर दूर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचायलाच ०.२९ सेकंद लागतात. टाळी ऐकून घड्याळ सुरू केलं तर मुलगा आहे त्यापेक्षा वेगवान वाटतो आणि भरतीच्या दिवशी निराश होतो. सुरू करणाऱ्याने हात वर धरून झटकन खाली आणावा आणि वेळ घेणाऱ्याने हाताकडे बघून घड्याळ दाबावं. याला पैसे पडत नाहीत.

मोबाइल घ्यायचा तर काय बघायचं

साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. फेकणारा हात सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर दोन चित्रांच्या मधल्या वेळात तो ६७ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे नेमका सुटण्याचा क्षण चित्रात येतच नाही. सेकंदाला २४० चित्रं घेतली तर तेच अंतर आठ सेंटिमीटरवर येतं. म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघू नका. स्लो मोशनमध्ये सेकंदाला किती चित्रं घेतो ते बघा. १२० असतील तर धाव आणि उडीला पुरतात. २४० असतील तर फेक, बॅट आणि गोलंदाजीही बघता येते. नव्या फोनमध्ये ही सोय साधारण पंधरा ते वीस हजारांच्या आसपास शोधावी लागते. वापरलेला चांगला फोन आठ ते बारा हजारांत मिळू शकतो. पण फक्त यासाठी नवा फोन घेऊ नका. गटात, शाळेत, एखाद्या मामाकडे असा फोन असतोच.

खोक्यावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. काही फोन कमी चित्रं घेतात आणि मधली चित्रं स्वतः रचून भरतात. त्यावर मोजमाप करणं म्हणजे फसवणूक पदरात घेणं. दुकानातच परीक्षा घेता येते. एक मीटर उंचीवरून चेंडू सोडा आणि स्लो मोशनमध्ये टिपा. चेंडू जमिनीवर यायला ०.४५ सेकंद लागतात. २४० चित्रांचा दावा असेल तर तेवढ्या वेळात साधारण १०८ वेगवेगळी चित्रं सापडली पाहिजेत, १२० चा असेल तर ५४. एकेक चित्र पुढे सरकवत बघा. चेंडूचं भूत दिसत असेल, म्हणजे एकाच चित्रात दोन पुसट चेंडू असतील, किंवा तेच चित्र पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो दावा खरा नाही.

आणि उजेड. पहाटे पाचच्या अंधारात स्लो मोशन काढून उपयोग नाही, चित्र काळं आणि धुरकट येतं. सराव पहाटेच करा, व्हिडिओचा दिवस मात्र सूर्य चांगला वर आल्यावरचा ठेवा. दिव्याखाली काढलात तर विजेच्या पन्नास हर्ट्झमुळे चित्र लुकलुकतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो. सावलीसाठी साधी छत्री बांधली तरी चालतं.

गोळ्याचा हिशेब

इथे मी जरा थांबणार आहे, कारण पंधरा गुण आणि कौशल्य यांचा सर्वांत सरळ संबंध गोळाफेकीत आहे.

फोन फेकीच्या दिशेला काटकोनात, आठ-दहा मीटर अंतरावर, छातीच्या उंचीवर ठेवा. फेकणारा जिथे उभा आहे त्याच रेषेत एक मीटर लांबीची काठी उभी करून ती एकदा चित्रात घ्या. तीच तुमची मापाची पट्टी. व्हिडिओ संगणकावर घेऊन ‘किनोव्हिया’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ते विंडोजवर चालतं, इंटरनेट लागत नाही आणि त्यात चित्रावरच कोन, अंतर आणि वेळ मोजता येतो. शाळेच्या संगणक खोलीतला साधा संगणकही त्याला पुरतो. एक काळजी घ्या: पुष्कळ मोबाइल स्लो मोशनची फाइल सेकंदाला ३० चित्रांची म्हणून जतन करतात. सॉफ्टवेअरच्या वेळेच्या सेटिंगमध्ये खरा आकडा, म्हणजे २४०, भरला नाही तर सगळे वेग आठपट चुकतात.

आता गोळा हातातून सुटल्यानंतरची दहा चित्रं घ्या आणि गोळ्याने तेवढ्यात कापलेलं अंतर मोजा. दहा चित्रांचा वेळ एक भागिले २४, म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. गोळा ३३ सेंटिमीटर गेला असेल तर वेग सेकंदाला आठ मीटर. गोळ्याच्या वाटेचा जमिनीशी असलेला कोनही त्याच चित्रात मिळतो.

या दोन आकड्यांचं काय करायचं? समजा गोळा दोन मीटर उंचीवरून, सेकंदाला आठ मीटर वेगाने सुटला. कोन २५ अंश असेल तर तो साधारण ७.७५ मीटरवर पडतो. तोच कोन ३८ अंश केला तर ८.३० मीटर. म्हणजे फायदा अर्धा मीटर. कोन आणखी वाढवून ४५ केला तर अंतर उलट घटून ८.१५ च्या आत येतं. शाळेत शिकलेला ‘४५ अंशांचा नियम’ इथे लागू पडत नाही, कारण गोळा जमिनीवरून नाही, डोक्याच्या वरून सुटतो. पण कोन ३८ च ठेवून वेग आठावरून नऊ केला, तर गोळा दहा मीटरवर जातो. पावणेदोन मीटरचा फायदा!

हाच या सगळ्या खर्चाचा खरा परतावा. ज्याचा गोळा फार सपाट सुटतो त्याने आधी कोन सुधारावा; ते आठवड्या-दोन आठवड्यांचं काम आहे. ज्याचा कोन ३५ ते ४० च्या दरम्यान आहे, त्याने कोनाच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये. त्याला वेग हवा आणि वेग पायांतून येतो. व्हिडिओ मागे नेऊन बघा: कंबर वळण्याआधीच गोळा मानेपासून निघाला का? सुटताना पुढचा पाय ताठ होता की गुडघ्यात मोडला होता? कोपर गोळ्याच्या खाली लोंबत होतं का? तसं असेल तर तो गोळा ढकलत नाही, क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकतो आहे. अशाने कोपर दुखावतं आणि गोळा खांद्यांच्या रेषेच्या मागे गेल्यास फेक बाद ठरते.

मुलींच्या चार किलोच्या गोळ्यालाही हेच गणित लागू आहे. फक्त सुटण्याची उंची प्रत्येकीची वेगळी असते, म्हणून प्रत्येकीचा आकडा तिच्या स्वतःच्या कालच्या आकड्याशी ताडावा.

उडी: एका सूत्रात

क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत लहान मुलांकडून उभी उडी, शटल रन, मेडिसिन बॉल फेक अशा कसोट्या घेतल्या जातात. जवळची अकोल्याची प्रबोधिनी बॉक्सिंगसाठी ओळखली जाते. मुलाला तिकडे पाठवायचं मनात असेल, तर उभी उडी मोजायला महागडा जंप मॅट लागत नाही. पाय जमिनीवरून सुटल्याचं चित्र आणि पुन्हा टेकल्याचं चित्र शोधा, मधला वेळ सेकंदात काढा, त्याचा वर्ग करा आणि १२२.६ ने गुणा. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. अर्धा सेकंद हवेत असेल तर उडी साधारण ३१ सेंटिमीटर.

इथे चित्रांची संख्या किती महत्त्वाची आहे तेही दिसतं. ३० चित्रांच्या व्हिडिओत एक चित्र चुकलं तर ३१ ची उडी ३५ होते. २४० च्या व्हिडिओत चूक अर्ध्या सेंटिमीटरएवढीच. मुलाने उतरताना गुडघे वाकवले तर हवेतला वेळ खोटा वाढतो, तेव्हा पाय सरळ ठेवूनच उतरायला सांगा.

किती वेळा दाखवायचं

पैशांचा हिशेब करताना हा भाग सगळे विसरतात. यंत्र घेतलं की प्रत्येक फेकीनंतर आकडा बघायची ओढ लागते आणि तिथेच शिकणं अडतं. १९९० मध्ये विन्स्टाइन आणि श्मिट या संशोधकांनी एक प्रयोग छापला. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल दाखवला, दुसऱ्या गटाला निम्म्याच प्रयत्नांनंतर. दुसऱ्या दिवशी कोणताही निकाल न दाखवता परीक्षा घेतली, तेव्हा निम्मे निकाल मिळालेला गट सरस ठरला. निकाल सतत समोर असला की शरीर स्वतःची जाणीव वापरायचं थांबवतं. भरतीच्या मैदानावर तर मोबाइल नसणारच.

म्हणून दहा फेकी करा आणि त्यांतल्या दोन-तीनच बघा. त्याआधी मुलाला विचारा, ‘कशी गेली वाटतं?’ मग चित्र दाखवा. त्याचा अंदाज आणि चित्र जुळू लागलं की समजा, तो शिकतो आहे. सूचना देताना ‘कोपर वर कर, मनगट वळव’ असं अंगाकडे लक्ष वेधण्यापेक्षा ‘गोळा त्या बांबूच्या वरून जाऊ दे’ असं बाहेरचं लक्ष्य द्या. गॅब्रिएल वुल्फ यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचा सूर हाच आहे, की लक्ष हालचालीच्या परिणामावर ठेवणारे लवकर आणि पक्कं शिकतात. दोन खांबांना दोरी बांधून तिच्यावरून गोळा टाकायला लावणं हा ३८ अंशांचा सर्वांत स्वस्त धडा आहे.

अंगावर बांधायचे सेन्सर: कधी घ्यावेत

तुमच्या फोनमध्येच हे सेन्सर असतात. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप ते उघडं करून दाखवतं. फोन कमरेला घट्ट पट्ट्याने बांधून धावलात तर पावलांची लय आणि डाव्या-उजव्या पावलाच्या आदळण्यातला फरक आलेखात दिसतो. दुखापतीनंतर परतलेल्या खेळाडूला हे उपयोगी पडतं. पट्ट्याचा खर्च दोन-तीनशे. सैल बांधलेला फोन स्वतःच हलतो आणि आलेख खोटा येतो.

थोडी तांत्रिक आवड असेल तर ‘एमपीयू-६०५०’ ही चिप दीड-दोनशे रुपयांत, वायफाय असलेला ‘ईएसपी-३२’ बोर्ड चारशे-पाचशेत, बॅटरी आणि चार्जिंगचा तुकडा अडीचशेत मिळतो. म्हणजे एका सेन्सरला हजारभर रुपये. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. तिथल्या किंवा अकोल्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाला प्रकल्प लागतोच. तालुक्यातल्या क्रीडा शिक्षकांनी त्यांच्यासमोर खरा प्रश्न ठेवला, तर दोघांचंही काम होईल. मात्र या चिपची मर्यादा आधीच सांगा. ती सेकंदाला २,००० अंशांपेक्षा वेगवान वळण मोजू शकत नाही. धावणाऱ्याच्या पायाला, खो-खोच्या वळणाला ती पुरते. जोरात भाला किंवा चेंडू फेकणाऱ्या हाताला पुरत नाही. शिवाय तिचा कोनाचा आकडा मिनिटागणिक सरकत जातो, म्हणून दर काही मिनिटांनी स्थिर उभं राहून शून्यावर आणावा लागतो.

क्रिकेटच्या बॅटला लावायचे तयार सेन्सर काही हजार रुपयांना मिळतात. अनिल कुंबळे यांच्या कंपनीने २०१८ मध्ये बॅटवरच्या स्टिकरमधून वेग आणि ताकद मोजणारी ‘पॉवर बॅट’ आणली, तेव्हापासून पालकांमध्ये याचं आकर्षण आहे. सोळा वर्षांखालच्या मुलासाठी तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटचा वेग वाढवण्याच्या नादात चेंडू बॅटच्या मधोमध घेण्याची सवय बिघडते. तेवढ्या पैशांत चांगले पॅड आणि हेल्मेट येतं.

हाताने स्पर्श करून विझवायचे दिवे, म्हणजे प्रतिक्रियेचा वेग वाढवणारे संच, तीन-चार हजारांपासून पुढे मिळतात आणि नावाजलेल्या ब्रँडचे वीस हजारांच्या पुढे जातात. कबड्डी, खो-खोच्या संघांना ते सर्रास सुचवले जातात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. त्यात भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. या खेळात खेळाडू दिव्याला प्रतिसाद देत नाही. तो समोरच्याच्या खांद्याचा कल, पाठीवरचा स्पर्श आणि ‘खो’चा आवाज ओळखतो. दिव्यांवर वेगवान झालेला मुलगा मैदानावर वेगवान होईलच असं नाही. हा पैसा वाचवा आणि समोर खरा माणूस उभा करा.

धनुष्याची गोष्ट वेगळी

आपल्या जिल्ह्याला तिरंदाजीचा मान आहे. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात अंतिम फेरीत माइक श्लोसरला हरवून कंपाउंडचं सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या पुरुष संघातही तो होता. त्याच्याकडे बघून तालुक्यातली मुलं धनुष्य हाती घेत असतील, तर पालकांनी खर्चाचं प्रमाण ओळखावं. स्पर्धेच्या दर्जाचं कंपाउंड धनुष्य आणि सामान लाखांच्या घरात जातं. धनुष्याला लावायचा हालचाल-सेन्सर त्यापुढे किरकोळ वाटतो. परदेशात तो दोनशे-अडीचशे डॉलरला मिळतो, पण आयातकर आणि जीएसटी धरून इथे तो बराच महाग पडतो.

सुरुवातीच्या दोन वर्षांत त्याची गरज नाही. लाकडी धनुष्यावर शिकणाऱ्याला दोन फोन पुरतात, एक पाठीमागे आणि एक बाजूला. दर वेळी दोरी हनुवटीला त्याच जागी टेकते का, बाण सुटल्यावर धनुष्याचा हात खाली पडतो का आणि निशाण धरून थांबण्याचा वेळ सारखा आहे का, एवढं त्यांत दिसतं. नेमबाजीतही तसंच. नेम कसा थरथरतो ते पडद्यावर रेखाटणारी यंत्रणा मोठे नेमबाज वापरतात, पण तिची किंमत लाखाच्या पुढे जाते. ती क्लबने घ्यावी, घराने नाही.

प्रयोगशाळेची वाट

अंगावर चमकते गोळे चिकटवून भोवती कॅमेरे लावायची यंत्रणा अनेक लाखांची असते आणि ती चालवायला प्रशिक्षित माणसं लागतात. तालुक्याने तिचं स्वप्न बघण्यात अर्थ नाही. पण एखाद्या खेळाडूला तिथे एक दिवस नेणं कधी कधी गरजेचं असतं. उदाहरणार्थ, गोलंदाजाचं कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होतं का, हा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा नियम मोबाइलवर ठरवता येत नाही. मोबाइलवरची चांगली प्रणालीही काही अंशांनी चुकते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘ओपनकॅप’मध्ये दोन आयफोन आणि छापलेला चौकटींचा कागद वापरून सांध्यांचे कोन मिळतात. २०२३ मध्ये छापलेल्या अभ्यासात त्याची सरासरी चूक साडेचार अंशांच्या आसपास होती. संशोधनासाठी ते मोफत आहे. शिकण्याला एवढी अचूकता पुरेशी आहे, निवाड्याला नाही. संशयित गोलंदाजीची मान्यताप्राप्त तपासणी भारतात चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत होते.

लेखी अंदाजपत्रक मागितल्याशिवाय कुठेही पैसे भरू नका. शुल्कात काय काय येतं, कच्चा व्हिडिओ आणि आकडे तुम्हाला मिळणार का, अहवाल समजावून सांगायला किती वेळ देणार, हे आधी विचारा. नुसता रंगीत आलेखांचा पीडीएफ हातात देऊन पाठवणाऱ्यांकडे जाऊ नका.

छुपे खर्च आणि मुलींचे व्हिडिओ

सेन्सरसोबत येणारं अ‍ॅप पहिले काही महिने मोफत असतं आणि नंतर वर्गणी मागतं, तीही अनेकदा डॉलरमध्ये. घेण्याआधी विचारा: वर्गणी बंद केली तर यंत्र चालतं का? बॅटरी बदलता येते का? कंपनी बंद पडली तर आकडे फोनमध्ये राहतात का? स्लो मोशनचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण अर्धा जीबी जागा घेतो. म्हणून एका फेकीला दहा सेकंदच चित्रण करा आणि नको असलेलं त्याच दिवशी पुसा.

मुलींच्या व्हिडिओबाबत काटेकोर राहा. अनेक अ‍ॅप चित्रण परस्पर त्यांच्या सर्व्हरवर पाठवतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. पण कायद्याच्या आधी विश्वासाचा प्रश्न आहे. पालकांची लेखी परवानगी घ्या, चित्रण शाळेच्या किंवा क्लबच्या एकाच फोनवर करा आणि इंटरनेट न लागणारं सॉफ्टवेअर वापरा. व्हॉट्सअ‍ॅप गटात एकही व्हिडिओ टाकायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. एका आगाऊ मेसेजमुळे एखाद्या मुलीचं मैदान कायमचं सुटू शकतं.

फसवणूक झाली तर

‘एआय विश्लेषण करून भरतीत हमखास गुण’ असं सांगून पैसे घेणारे वर्ग वाढत आहेत. हमीचा शब्द तोंडी आहे की पावतीवर, ते बघा. प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल घ्या. माल किंवा सेवा सांगितल्याप्रमाणे नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. दाद मिळाली नाही तर बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतींना एक विनंती आहे. प्रत्येक मुलाच्या घरी ट्रायपॉड आणि संगणक नसेल, नसावाही. पण गावात एक संच असावा, शाळेची संगणक खोली आठवड्यातून एक तास भरतीच्या आणि खेळाच्या मुलामुलींसाठी उघडावी आणि पीटीच्या सरांना किंवा मॅडमना किनोव्हिया शिकायला दोन दिवस द्यावेत. त्यासाठी लागणारी रक्कम तीन हजारांच्या आत आहे.